गोल हलतो की हलत नाही

गुरुवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शंकूचं टोक तुटलं.

घटना बोरडोहच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात घडली. बोरडोह कळंब तालुक्यात, कळंबहून मोटारसायकलनं वीस मिनिटांवर. प्रत्यक्षदर्शी दोन. एक, निवृत्त गणित शिक्षक गुलाबसिंग आडे, जे हातात पाण्याचा पाइप धरून उभे होते. दुसरी, शेजारी नानाजी भोयर यांची गाय, जिनं त्या ताज्या, खरखरीत सिमेंटवर मान घासली. टोक पडल्यावर गाईनं एकदा खाली पाहिलं, एकदा गुलाबसिंगांकडे पाहिलं आणि ती कळपामागून रानाकडे निघून गेली. टोक एक वीत लांबीचं होतं. ते घरंगळत गुलाबसिंगांच्या चपलेपाशी येऊन थांबलं.

शिक्षण विस्तार अधिकारी दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी अकरा वाजता येणार होते.

गुलाबसिंगांनी पाइप खाली ठेवला आणि मनाशी म्हटलं, घनाला पृष्ठं सहा, शिरोबिंदू आठ, मिळून चौदा, त्यातून दोन गेले, कडा बारा. राग आला की ते हा हिशेब म्हणत. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हात उगारला नव्हता, त्याचं श्रेय या बारा कडांना होतं.

शाळेला आपल्या हातून काहीतरी द्यायचं, हे त्यांनी निवृत्तीच्या दिवशीच ठरवलं होतं. लोक पंखा देतात, घड्याळ देतात. गुलाबसिंगांनी घनाकृती द्यायचं ठरवलं. पटांगणात कडुनिंबाजवळ पाच आकृत्या, सिमेंटच्या, कमरेएवढ्या उंच: घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू आणि गोल. प्रत्येकीसमोर काळ्या दगडाची पाटी; तिच्यावर नाव, पृष्ठं किती, कडा किती, शिरोबिंदू किती. यामागे एक जुनं शल्य होतं. फळ्यावर घन काढता येतो, शंकूही निभतो. गोल काढता येत नाही. काढला की तो वर्तुळ होतो. गुलाबसिंग दरवर्षी खडूनं छाया देत, म्हणत, "हा फुगलेला आहे असं समजा," आणि दरवर्षी अख्खा वर्ग समजल्यासारखी मान हलवी. चौतीस वर्षं त्यांनी वर्तुळाकडे बोट दाखवून गोल शिकवला होता. हे त्यांनी बायकोखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं आणि बायकोनं, म्हणजे बिजलीबाईंनी, ते ऐकून फक्त इतकंच विचारलं होतं, "मंग चेंडू न्यायचा न शाळेत."

हे त्यांना सुचलं नव्हतं.

काम अन्सार मिस्त्रीकडे दिलं. अन्सार संडासाच्या टाक्यांसाठी सिमेंटच्या रिंगा पाडतो आणि आसपासच्या दहा गावांत त्याच्या रिंगेला तडा गेल्याची तक्रार नाही. गुलाबसिंगांनी त्याला पाच आकृत्यांचे आराखडे कागदावर मापांसह काढून दिले. अन्सारनं कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, "गुरुजी, साचा कायचा?"

अन्सारच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच वर्ग होते: साच्यातून निघणाऱ्या आणि न निघणाऱ्या. घन आणि इष्टिकाचिती स्लॅबच्या फळ्या ठोकून निघाल्या. वृत्तचिती म्हणजे त्यानं दोन रिंगा एकावर एक ठेवल्या आणि वर झाकण बसवलं. शंकूसाठी पत्रा गुंडाळला. गोलाला मात्र त्यानं चार दिवस घेतले आणि शेवटी लग्नाच्या स्वयंपाकाच्या दोन खोल कढया भाड्यानं आणून त्यांत दोन अर्धे पाडले, मग ते तोंडाला तोंड लावून जोडले. जोडावर बोटभर जाडीची पट्टी सगळीकडून फिरली होती.

"अन्सारभाई, गोलाला कड नसते," गुलाबसिंग म्हणाले.

"गोलाले नसंल गुरुजी, कढईले असते न."

पाटी आधीच कोरून झाली होती: गोल. पृष्ठे १, कडा ०, शिरोबिंदू ०. अन्सारनं ती पट्टी दोन दिवस घासली. राहिली ती हाताला लागायची, डोळ्याला दिसायची नाही. गुलाबसिंगांनी हाताला लागणारी गोष्ट कड मानायची की नाही यावर एक रात्र घालवली आणि न मानण्याचं ठरवलं. सवलत दिल्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग.

आकृत्या शनिवारी बसल्या. बसल्यापासून दहा मिनिटांत इष्टिकाचितीवर नानाजी बसले. नानाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि रिकामी जागा दिसली की बसायचं, ही त्यांची उभ्यानं केलेल्या नोकरीची भरपाई होती.

"नानाजी, ही इष्टिकाचिती आहे."

"लय मस्त झाली. टेकाले काई नाई फक्त."

"बसायला नाही ती. पोरांना पृष्ठं मोजायला आहे."

"मोजू द्या न. मी काय पाचही पृष्ठांवर बसलो?"

"सहा," गुलाबसिंग म्हणाले.

"सहावं कुठी हाये?"

"खाली. जमिनीला लागून."

नानाजींनी वाकून पाहिलं. "मले त दिसून नाई राह्यलं. पाटीवर सहा लिवून राह्यले तुम्ही, उद्या कोणी मोजले त?"

घरी जाताना गुलाबसिंगांनी हा आक्षेप मनात नोंदवून ठेवला, कारण तो मूर्खपणाचा नव्हता.

रविवारी गोल घरंगळला. पटांगणाला फाटकाकडे उतार आहे, तो चौतीस वर्षांत त्यांच्या लक्षात आला नव्हता. गोलाच्या लक्षात पहिल्याच दिवशी आला. तो फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडून अमरच्या पानठेल्याच्या खांबाला टेकला. कोणाला लागलं नाही. अमर शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही होता, त्यामुळे पीडित पक्ष आणि तक्रार ऐकणारा पक्ष एकच निघाला आणि सभा तिथेच, ठेल्यावर झाली. ठराव असा की, गोल परत आणून एक तृतीयांश जमिनीत पुरावा. चौघांनी तो ढकलत आणला. काळ्या मातीत खड्डा केला, गोल बसवला, माती दाबली. आता तो हलेना.

बिजलीबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, आता त हे ताट उपडं ठेवल्यावानी दिसते."

"एक तृतीयांश खाली आहे."

"मले मालूम हाये हो. पोराइले कोण सांगंन?"

सोमवारी मुख्याध्यापिका प्रियंका गेडाम डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या वस्तूंची नोंदवही, घेऊन आल्या. प्रियंका मॅडम याच शाळेत, याच गुलाबसिंगांच्या हाताखाली सातवीपर्यंत शिकल्या होत्या. गुलाबसिंगांना त्यांचा अभिमान होता आणि त्या दिवसापासून थोडी भीतीही वाटू लागली.

"गुरुजी, देणगी तर घ्यायची आहे. पण नोंद कुठे करू? फर्निचर म्हणून करू, क्रीडा साहित्य म्हणून करू, शैक्षणिक साहित्य म्हणून करू की बांधकाम?"

"शैक्षणिक साहित्य. त्यात काय विचारायचं?"

"साहित्य म्हणजे जे हलतं ते. दर वर्षी मार्चमध्ये मोजायचं, या खोलीतून त्या खोलीत नेता आलं पाहिजे. जे हलत नाही ते बांधकाम. बांधकामाला बांधकाम विभागाची परवानगी लागते. आपली नाही. परवानगी नसेल तर..." त्यांनी रजिस्टर मिटलं. "तर पाडावं लागतं."

"अगं, पण हा गोल आहे. एक पृष्ठ, शून्य कडा, शून्य शिरोबिंदू."

"ते गणिताच्या तासाला, गुरुजी. तुम्हीच शिकवलं न, वर्गीकरण करताना आधी गुणधर्म ठरवायचा, मग वस्तू पाहायची. कार्यालयाचा गुणधर्म हलतं का, हा आहे."

वाक्य गुलाबसिंगांचंच होतं, उच्चारही त्यांचाच होता. सुरक्षेसाठी गोल हलता कामा नये आणि नोंदीसाठी तो हलला पाहिजे, एवढं मात्र त्यांना स्पष्ट समजलं. विस्तार अधिकारी शुक्रवारी येऊन काय ते ठरवतील, असं मॅडम म्हणाल्या.

म्हणून बुधवारी संध्याकाळी गुलाबसिंगांनी शंकूवरची ओली पोती काढली. सिमेंट पक्कं होईपर्यंत, आठ दिवस, ती काढू नका म्हणून अन्सारनं बजावलं होतं आणि तो दिवस पाचवा होता. पण साहेबांनी येऊन पोती पाहावीत, हे त्यांना पटेना. गुरुवारी सकाळी ते नुसतं पाणी मारायला गेले होते. पुढचं सुरुवातीला आलंच आहे.

साडेसातपर्यंत गाव जमलं.

"माह्या गाईले कायले बदनाम करता?" नानाजी आल्या आल्या म्हणाले. आतापर्यंत गाईचं नाव कोणी काढलं नव्हतं. "तिनं फक्त मान खाजवली. तुमचंच कच्चं होतं."

अमरनं सुचवलं की वर बल्ब बसवू, म्हणजे टोकाकडे कोणाचं लक्ष जाणार नाही. नानाजींनी मडकं उपडं घालायला सांगितलं. अन्सारनं टोक हातात फिरवून पाहिलं, आपल्या कामाचा तुकडा म्हणून त्याला वाईट वाटलं असावं. दुपारी त्यानं ते चिकटवूनही दिलं. पण ते बोटभर कललं आणि शंकू डुलकी लागलेल्या माणसासारखा दिसू लागला. गुलाबसिंगांनी चार पावलं मागे जाऊन पाहिलं, मग पुढे येऊन स्वतःच्या हातानं टोक काढून टाकलं.

"टोक गेलं त गेलं," बिजलीबाई म्हणाल्या. "पाटीवर लिवा, टोक होतं."

टोक त्यांनी पदरात घेतलं आणि घरी नेलं. मांजर दुधाच्या गंजावरचं झाकण पाडायचं, त्यावर ठेवायला त्यांना जड काहीतरी हवंच होतं.

गुलाबसिंग उरलेल्या आकृतीकडे पाहत बसले. खाली सपाट, वर आता लहानसं सपाट, बाजूनं वक्र. पृष्ठं तीन, कडा दोन, शिरोबिंदू शून्य. खोटं काही नव्हतं. फक्त ती वेगळी वस्तू होती आणि तिला स्वतःचं नाव होतं. त्यांनी पांढरा रंग आणला, पाटीवरचा 'शंकू' बुजवला आणि आपल्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं: शंकूछेद. पृष्ठे ३, कडा २, शिरोबिंदू ०. त्या संध्याकाळी ते जेवले, असं बिजलीबाई सांगतात.

साहेब अकराच्या ऐवजी एक वीसला आले. शांत माणूस. आवाज चढवला नाही, चहा घेतला नाही, चष्मा पुसून घनापासून सुरुवात केली. अन्सारनं घनाखाली सब्बल, म्हणजे पहार, घातली, घन दोन बोटं सरकला. साहेबांनी लिहिलं: हलतो. इष्टिकाचितीवरून नानाजींना उठवावं लागलं, ती सरकली. वृत्तचितीवर साहेबांनी बोटाच्या पेरानं ठोकलं. आवाज पोकळ आला.

"ही आतून पोकळ आहे का?"

"रिंगा हायेत साहेब," अन्सार म्हणाला. "लय टिकाऊ. कितीबी मोठ्या कुटुंबाले पुरंल."

"मग आतलं वक्र पृष्ठ धरलं का?"

गुलाबसिंगांना या माणसाबद्दल अनपेक्षित आदर वाटला. "झाकण बंद आहे साहेब. बंद वृत्तचिती बाहेरून मोजली आहे."

साहेबांनी थोडा विचार करून मान डोलावली. वृत्तचिती दोघांनी कलती केली. हलते.

शंकूछेदाची पाटी त्यांनी दोनदा वाचली. "शंकूछेद दहावीला आहे. ही शाळा सातवीपर्यंत."

"हो, पण वस्तू शंकूछेदच आहे."

"ते दिसतंय. पण अभ्यासक्रमाबाहेरचं साहित्य प्राथमिक शाळेला कसं घेता येईल? शंकू आणला असता तर घेतला असता."

"शंकूच आणला होता," गुलाबसिंग म्हणाले आणि त्यांनी नानाजींकडे पाहिलं. नानाजींनी आभाळाकडे पाहिलं.

मग गोल. अन्सारनं सब्बल घातली, अमरनं खांदा लावला, नानाजींनी दुरून 'अजून जोर' म्हटलं. गोल हलला नाही.

"न हलणारा," साहेब म्हणाले. "म्हणजे बांधकाम. विनापरवाना."

"साहेब, तो गेल्या रविवारी रस्ता ओलांडून गेला होता," प्रियंका मॅडम म्हणाल्या. "शाळेकडे फोटो आहे."

"म्हणजे असुरक्षित."

"आता पुरलाय न."

"म्हणजे बांधकाम."

साहेबांनाही ते आवडलं नव्हतं, असं गुलाबसिंगांना वाटलं. जाताना त्यांनी पेनाचं टोपण लावत सांगितलं, "पुढच्या गुरुवारी अकराला मी परत येतो. तोवर अनुपालन अहवाल तयार ठेवा. पाच वस्तू, प्रत्येकीपुढे एकच शब्द. हलणारी किंवा न हलणारी. न हलणारी असेल तर त्याच दिवशी फोडून घ्यावी लागेल. माझ्यासमोर."

शनिवारपासून झड लागली. यवतमाळकडची झड म्हणजे पाऊस जोरात पडत नाही, पण थांबतही नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते, चपला धरून ठेवते. गुलाबसिंग छत्री घेऊन रोज पटांगणात जात, गोलाजवळ उभे राहत आणि परत येत. सोमवारी सकाळी त्यांना गोल मोठा वाटला. वय झालं की असं वाटतं, म्हणून ते घरी गेले. मग परत आले. दोरी लावून पाहिली. रविवारी पुरला तेव्हा तो जमिनीच्या वर सत्तावीस बोटं होता, हे त्यांनी डायरीत लिहिलं होतं. आता एकोणतीस होता.

त्यांनी अन्सारला बोलावलं.

"वर येऊन राह्यला बाप्पा," अन्सार म्हणाला. मग गोलावर बोटानं ठोकून, "गुरुजी, एक गोष्ट राह्यली सांगाची. आतमध्ये सिमेंट नाई पूर्ण. कुटार हाये. सोयाबीनचा भुसा."

"कुटार?"

"पोत्यानं भरलं. नाईतर टेम्पोत चढला असता का तो? आता खाली चिखल झाला, हा हलका, म्हणून तरंगून राह्यला."

गुलाबसिंगांनी घनाचा हिशेब मनात सुरू केला आणि सहाव्या पृष्ठाशीच सोडून दिला. त्यांना राग आला नव्हता. त्यांच्या एकदम लक्षात आलं की तो हलतो आहे. कोणी सब्बल न लावता, कोणी न ढकलता. आणि घरंगळतही नाही. वर जातो आहे.

"मंग लिवून टाका, हलणारा," नानाजी म्हणाले. झडीतही ते इष्टिकाचितीवर होते, खाली गोणपाट, वर छत्री.

"साहेब येतील तेव्हा हलेल का?"

"ते त्याले विचारा."

मंगळवारी तीस. बुधवारी सकाळी साडेतीस. बुधवारी दुपारी प्रियंका मॅडम रजिस्टर घेऊन गुलाबसिंगांच्या घरी आल्या. पहिल्या तीन वस्तूंपुढे शब्द लिहून झाले होते. शंकूछेदाची शिफारस वरच्या कार्यालयाकडे पाठवली होती, म्हणजे त्याला काही वर्षं तरी धोका नव्हता. संच मात्र मोडला होता. एक शंकू साहित्यात दाखवल्याशिवाय संच पूर्ण धरता येत नव्हता.

बिजलीबाई चहा घेऊन आल्या. मॅडमची नजर चुलीजवळच्या दुधाच्या गंजावर गेली आणि तिथेच थांबली.

"गुरुजी, ते झाकणावर काय आहे?"

गुलाबसिंगांनी ते आणून टेबलावर ठेवलं. एक वीत उंच. खाली गोल सपाट पृष्ठ, अन्सारनं चिकटवण्यासाठी घासलेलं. बाजूनं वक्र. एक कड. वर टोक, शाबूत. त्यांनी ते फिरवून चारही बाजूंनी पाहिलं, जसे ते कधी काळी उत्तरपत्रिका पाहत, चूक सापडेल या आशेनं. सापडली नाही.

प्रियंका मॅडमनी लिहिलं: शंकू, नग एक, हलणारा.

"अन् मांजर?" बिजलीबाई म्हणाल्या. "मार्चात मोजाले येसान तवा दुधावरून उचलून नेसान का?"

"मार्चपर्यंत राहू द्या मावशी. फक्त हरवू नका."

राहिला गोल. मॅडमनी पेन पुढे केलं. गुलाबसिंगांनी घेतलं, रजिस्टर जवळ ओढलं, आणि चौतीस वर्षं 'साधारण' आणि 'बहुतेक' या शब्दांना शून्य गुण देणारा माणूस पेन हातात धरून बसून राहिला.

"काय लिवलं?" बिजलीबाईंनी दारातून विचारलं.

"अजिन मोजून राह्यलो," गुलाबसिंग म्हणाले. ते घरातही असं बोलीत बोलत नसत.

गुरुवारी सकाळी सव्वानऊला त्यांनी शेवटचं माप घेतलं. एकतीस बोटं. माप घेताना हाताला काहीतरी लागलं, जिथे अन्सारनं दोन दिवस पट्टी घासली होती तिथे. त्यांनी चष्मा लावला. जोडाच्या रेषेतून सोयाबीनचा एक कोंब बाहेर आला होता, पेराएवढा, वाकलेला, टोकाशी दोन पानं अजून पुरती न उघडलेली.

नानाजी उठून पाहायला आले. अन्सार आला, त्यानं कोंबाला हात लावला नाही. अमरनं फोटो काढला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये वाढणाऱ्या वस्तूचा रकाना आहे का, हे विचारायला कोणीतरी प्रियंका मॅडमकडे गेलं. त्यांनी पानं उलटून पाहिली आणि पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतली.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी साहेबांची गाडी कळंबहून निघाल्याचा फोन आला. तोपर्यंत गोलासमोरचा रकाना कोरा होता. समासात पेन्सिलनं फक्त एक तारीख आणि एक आकडा होता: ३१. नानाजी परत इष्टिकाचितीवर जाऊन बसले होते. गुलाबसिंग छत्री धरून गोलाजवळ उभे होते, आणि छत्री त्यांच्यावर नव्हती.